हजेरीपटापलीकडचा हिशेब

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, ही आपणा सर्वांच्या दृष्टीने अत्यंत आनंदाची घटना आहे. ज्या वडीलधाऱ्यांनी हे रोपटे लावले त्यांच्यापैकी आज फारच थोडे आपल्यात आहेत. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी माझ्या विषयाकडे वळतो. मी कापडाचा व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन दुकानाच्या गादीवर बसलो तो आजतागायत तेथेच आहे. भाषण हा माझा प्रांत नव्हे. परंतु ट्रस्टच्या संध्याकाळच्या बालवर्गाची व्यवस्था अनेक वर्षे माझ्याकडे आहे आणि सुवर्णमहोत्सवी निधीतून असे आणखी वर्ग सुरू करावेत, असा ठराव आज आपल्यापुढे येत आहे. म्हणून त्याविषयी मी बोलावे, असे अध्यक्षांनी सुचविले.

ठरावास माझा पाठिंबा आहे, हे प्रथमच सांगतो. मात्र त्याला एक पुरवणी जोडावी, अशी माझी विनंती आहे. ती का, हे समजावे म्हणून एक प्रसंग सांगणे मला भाग आहे. तो सांगताना मला संकोच वाटतो, कारण त्यात चूक माझी आहे.

काही वर्षांपूर्वी मालाची गाठोडी पोहोचविणाऱ्या टेम्पोबरोबर एक तरुण माझ्या दुकानात आला. पावती माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "काका, यात किती नग लिहिलेत ते जरा वाचून सांगता का?" मी निरखून पाहिले आणि ओळख पटली. लहानपणी हा मुलगा आपल्या वर्गात तीन वर्षे येत होता. वार्षिक संमेलनात पूर्ण हजेरीचे बक्षीस त्याला मीच दिले होते. मी म्हणालो, "अरे, तू तर एक दिवसही चुकवत नव्हतास!" तो हसला. "वर्ग फार आवडायचा, काका. गोष्टी ऐकायला मिळायच्या, खाऊ मिळायचा. वाचायची पाळी आली की मी मागे सरकून बसायचो, नाहीतर शेजारच्याचं ऐकून म्हणायचो. कोणी कधी विचारलं नाही."

त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. त्या रात्री मी ट्रस्टचे जुने वार्षिक अहवाल काढून पाहिले. वर्गाविषयीचा परिच्छेद दर वर्षी माझ्याच हातचा. पटावरील संख्या आहे, वर्गाचे दिवस आहेत, सतरंज्या, खडू आणि खाऊ यांचा खर्च पैशापर्यंत जुळविलेला आहे. शेवटी एक वाक्य ठरलेले : "मुलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला." त्या मुलाला वाचता येऊ लागले की नाही, याविषयी तीन वर्षांच्या अहवालांत एक अक्षरही नाही. आपले लेखापरीक्षक दर वर्षी रुपयाचा हिशेब तपासतात. त्या रुपयाने मुलाचे काय झाले, हे तपासण्याचे काम आपण कोणावरच सोपविलेले नव्हते.

माझी कन्या शिक्षिका आहे. तिच्या मदतीने मी या विषयावर जे संशोधन झाले आहे ते वाचू लागलो. शाळेनंतरचे वर्ग, छंदवर्ग, उन्हाळी शिबिरे, तरुणांसाठीचे उपक्रम यांचा खरोखर उपयोग होतो का, हे तपासण्याचे मोठे काम जगात झालेले आहे. त्यातील थोडे आज आपल्यापुढे ठेवतो.

एका सत्पुरुषाची योजना

अमेरिकेत बोस्टन शहराला लागून केंब्रिज आणि सॉमरव्हिल ही दोन गावे आहेत. डॉ. रिचर्ड क्लार्क कॅबट हे तेथील नामांकित वैद्य आणि हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक. गरीब वस्तीतील मुलांना एखाद्या समंजस वडीलधाऱ्या मित्राचा दीर्घकाळ आधार मिळाला तर ती वाईट मार्गाला लागणार नाहीत, असा त्यांचा विश्वास होता. त्यासाठी त्यांनी १९३० च्या दशकात एक योजना आखली. मात्र डॉक्टर असल्यामुळे, औषध गुणकारी आहे असे नुसते म्हणून भागत नाही, हेही ते जाणत होते. म्हणून वय, घरची परिस्थिती, स्वभाव इत्यादी बाबतींत सारख्या असलेल्या मुलांच्या जोड्या लावण्यात आल्या आणि प्रत्येक जोडीतील कोणाला मदत द्यावयाची, हे नाणे उडवून ठरविण्यात आले. दुसरा मुलगा नेहमीसारखाच वाढत राहिला. अखेरच्या अभ्यासात अशी ५०६ मुले होती, प्रत्येक बाजूस २५३.

प्रत्यक्ष काम १९३९ ते १९४५ या काळात चालले. डॉ. कॅबट स्वतः १९३९ मध्येच निवर्तले, पण कार्य थांबले नाही. एकेका मुलाला सरासरी पाच वर्षे मदत मिळाली. समुपदेशक महिन्यातून साधारण दोनदा घरी जात. निम्म्याहून अधिक मुलांना अभ्यासात मदत मिळाली. शंभराहून अधिक मुलांना वैद्यकीय किंवा मानसोपचाराची मदत झाली. अनेकांना उन्हाळी शिबिरास पाठविण्यात आले, बालवीर पथकात घालण्यात आले. आपल्या वर्गाच्या तुलनेत हे काम किती व्यापक होते, याची कल्पना आपणास यावी.

१९५१ मध्ये पहिले मूल्यमापन प्रसिद्ध झाले. गुन्ह्यांच्या बाबतीत दोन्ही बाजूंमध्ये फरक दिसला नाही. फळ उशिरा येईल, अशी आशा काहींनी बाळगली. पुढे सुमारे तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधक विदुषीने ती मुले, म्हणजे आता चाळिशी ओलांडलेले पुरुष, पुन्हा शोधून काढले. त्यांचा लेख १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना मदत मिळाली होती त्यांना विचारले असता सुमारे दोन तृतीयांश लोक म्हणाले की, त्या उपक्रमाने आमचे भले केले. मात्र न्यायालये, रुग्णालये इत्यादींच्या नोंदी दोन्ही बाजूंच्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा निराळेच चित्र दिसले. एकाही बाबतीत मदत मिळालेली बाजू सरस नव्हती. उलट पुन्हा गुन्हा करणे, मद्याचे व्यसन, गंभीर मानसिक आजार अशा काही बाबतींत तीच बाजू अधिक वाईट निघाली. पुढील विश्लेषणात असेही आढळले की, ज्यांना उन्हाळी शिबिरास एकाहून अधिक वेळा पाठविले होते त्यांच्यात अपाय विशेष होता. खोडकर मुले एकत्र आली की एकमेकांच्या खोड्यांना दाद देतात, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी बहात्तर वर्षांनंतरच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. तेथे दोन बाजूंमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे सारेच नुकसान कायम राहिले असे नव्हे. परंतु ज्या लाभासाठी एवढा खटाटोप केला तो कोठेच सापडला नाही.

बंधूंनो, हे वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो. ते समुपदेशक अप्रामाणिक नव्हते. भले झाले असे म्हणणारे पुरुषही खोटे बोलत नव्हते. कोणीतरी आपुलकीने घरी येत असे, याची आठवण त्यांना गोड वाटत होती. माझ्या दुकानात आलेला तो तरुणही हेच म्हणाला होता : वर्ग फार आवडायचा. आवडणे ही चांगलीच गोष्ट आहे, पण आवडणे म्हणजे उपयोग होणे नव्हे. डॉ. कॅबट यांनी दुसऱ्या बाजूची २५३ मुले नोंदवून ठेवली नसती, तर हा उपक्रम आज यशस्वी म्हणूनच गौरविला गेला असता.

तुलनेचे महत्त्व आपणा व्यापाऱ्यांना सहज पटावे. दिवाळीच्या तोंडावर मी दुकानाला नवा फलक लावला आणि विक्री वाढली, तर श्रेय फलकाला द्यावे की दिवाळीला? शेजारच्या दुकानदाराने फलक बदललेला नाही आणि त्याचीही विक्री तेवढीच वाढली असेल, तर उत्तर स्पष्ट आहे. मुलेही वर्षभरात वाढतात, शाळेत जातात, काही ना काही शिकतातच. ती सारी वाढ आपल्या वर्गाच्या खात्यावर जमा करणे म्हणजे दिवाळीचे श्रेय फलकाला देणे होय.

सरासरीच्या आड

दुसरे उदाहरण अमेरिकन सरकारच्या एका विशाल योजनेचे आहे. शाळा सुटल्यानंतर मुलांसाठी केंद्रे चालविण्याच्या या योजनेला 'एकविसाव्या शतकातील सामुदायिक शिक्षण केंद्रे' असे नाव आहे. तिच्यासाठी १९९८ मध्ये ४ कोटी डॉलर होते. २००२ मध्ये हा आकडा १०० कोटी डॉलरवर गेला. सरकारने 'मॅथेमॅटिका' या संशोधन संस्थेकडून तिचे मूल्यमापन करून घेतले. २००३ च्या आरंभी पहिला अहवाल आला. अभ्यासातील प्रगतीवर परिणाम जवळजवळ नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच सुमारास योजनेचा निधी १०० कोटींवरून ६० कोटी डॉलरपर्यंत कमी करण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला. मोठे वादळ उठले आणि तेथील संसदेने ती कपात मान्य केली नाही. २००५ च्या अंतिम अहवालानेही वाचनात सुधारणा दिसत नसल्याचे सांगितले. प्राथमिक शाळेतील मुलांच्या वर्तनाच्या तक्रारी तर काहीशा वाढल्या होत्या.

परंतु त्याच अहवालांत आणखी दोन गोष्टी होत्या. पहिली ही की, माध्यमिक शाळेतील मुले केंद्रात सरासरी आठवड्यातून जेमतेम एक दिवस येत होती. जे औषध रुग्णाने घेतलेच नाही त्याला दोष तरी कसा द्यावा? मात्र तो औषध का घेत नाही, हा प्रश्न उरतोच. दुसरी गोष्ट ही की, प्राथमिक शाळेतील मुलांना शाळेनंतरच्या वेळात अधिक सुरक्षित वाटू लागले होते. ज्या घरातील आई-वडील दोघेही कामावर असतात तेथे या सुरक्षिततेचे मोल लहान नाही. म्हणजे केंद्र निरुपयोगी होते असे नव्हे. ते ज्यासाठी उघडले असे सांगितले जात होते, तो हेतू साधत नव्हता. दुसराच काही हेतू थोडा साधत होता.

पुढे २००७ मध्ये जोसेफ ड्युरलॅक आणि रॉजर वाइसबर्ग या दोन अभ्यासकांनी निराळ्या मार्गाने शोध घेतला. मुलांचे व्यक्तिगत आणि सामाजिक गुण वाढविण्याचा प्रयत्न करणाऱ्या ७३ शाळाबाह्य कार्यक्रमांची मूल्यमापने त्यांनी एकत्र तपासली. सर्वांची सरासरी काढून ते थांबले नाहीत. कोणत्या कार्यक्रमांनी लाभ झाला आणि कोणत्यांनी नाही, हे त्यांनी वेगवेगळे केले. लाभ देणाऱ्या कार्यक्रमांत त्यांना चार लक्षणे दिसली. शिकविण्याचा क्रम पायरीपायरीने लावलेला होता. मुले नुसती ऐकत नव्हती, स्वतः करून पाहत होती. त्या कामासाठी ठराविक वेळ राखून ठेवलेला होता. आणि नेमके काय शिकवावयाचे आहे, हे स्पष्ट ठरलेले होते. ही चारही लक्षणे जेथे होती तेथे मुलांचा आत्मविश्वास, वर्तन आणि अभ्यास यांत सुधारणा आढळली. जेथे नव्हती तेथे म्हणण्यासारखे काही आढळले नाही. मी या चार कसोट्या माझ्या वर्गाला लावून पाहिल्या. गोष्टी, गाणी, खाऊ, पाहुण्यांची भाषणे हे सर्व होते. पण क्रम नव्हता, आणि "या वर्षी मुलांना काय यावे" हे आम्ही कधी लिहूनही ठेवले नव्हते.

दिलेला शब्द

तिसरे उदाहरण आपल्या तरुणांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावे. अमेरिकेत 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' नावाची जुनी संस्था आहे. एखाद्या मुलाला ती एक प्रौढ स्वयंसेवक मित्र म्हणून देते. दोघे महिन्यातून साधारण तीनदा भेटतात, दर वेळी काही तास एकत्र घालवितात. १९९५ मध्ये या संस्थेच्या आठ शाखांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. १० ते १६ वयाच्या ९५९ मुलामुलींची माहिती त्यात होती. निम्म्यांना लगेच मित्र देण्यात आला आणि निम्म्यांना दीड वर्ष प्रतीक्षा यादीत ठेवण्यात आले. कोण कोणत्या यादीत जाईल, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरले. दीड वर्षानंतर मित्र मिळालेल्या मुलांत अमली पदार्थांकडे नव्याने वळण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी आणि मद्याकडे वळण्याचे प्रमाण २७ टक्क्यांनी कमी आढळले. शाळा बुडविण्याचे प्रमाणही बरेच उतरले होते. वडीलधाऱ्या मित्राचा आधार ही डॉ. कॅबट यांचीच कल्पना होती, परंतु येथे मांडणी निराळी होती आणि फळ निराळे मिळाले.

हे वाचून कोणाचाही उत्साह वाढेल. पण २००२ मध्ये जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स या दोन विदुषींनी तीच माहिती पुन्हा तपासली आणि ही मैत्री किती काळ टिकली, हे पाहिले. ज्यांची मैत्री वर्षभर किंवा अधिक टिकली त्यांना सर्वाधिक लाभ झाला होता. ज्यांची मैत्री तीन महिन्यांच्या आतच तुटली, त्या मुलांची स्वतःविषयीची किंमत मात्र, ज्यांना मित्र मिळालाच नव्हता अशा मुलांपेक्षाही खाली गेली होती. आपल्याकडे वर्ग सुरू होताना महाविद्यालयीन तरुण-तरुणी मोठ्या उत्साहाने नावे देतात आणि परीक्षा जवळ आल्या की दिसेनासे होतात. आम्ही म्हणत होतो, "ठीक आहे, आले तेवढे दिवस तरी उपयोग झाला." तसा तो होतोच असे नाही. ज्या मुलाने ताईची वाट पाहिली आणि ताई आली नाही, त्याच्या मनात काय राहते, हे हजेरीपटावर उमटत नाही.

आपल्या जवळचा अनुभव

हे सारे परदेशातील, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या देशातील दोन प्रयोग सांगतो. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने वस्तीतील तरुण मुलींना थोडे प्रशिक्षण देऊन 'बालसखी' म्हणून शाळांत नेमले. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले बालसखी रोज सुमारे दोन तास वेगळी घेऊन बसे आणि त्यांना वाचन, गणित यांचा पाया शिकवी. हे काम शाळेच्या वेळातच चाले, पण रीत आपल्या वर्गास लागू पडणारी आहे. मुंबई आणि बडोदा येथे २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाची तुलनात्मक तपासणी केली. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली आणि ती सर्वांत मागे असलेल्या मुलांत अधिक होती. याच रीतीच्या संशोधनाबद्दल बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासमवेत २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. उपक्रम संपल्यावर वर्षभराने पुन्हा मोजले. लाभ टिकून होता, पण बराच ओसरला होता. पहिल्या धुण्यानंतर रंग किती राहिला हे पाहिल्याशिवाय आम्ही कापडाची हमी देत नाही. येथेही तसेच आहे.

दुसरा प्रयोग उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातला, २००५-०६ चा. गावातील स्वयंसेवकांनी विनावेतन, शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग चालविले. ज्यांना आरंभी काहीच वाचता येत नव्हते अशा मुलांपैकी जी या वर्गांना गेली त्यांची प्रगती लक्षणीय होती. मात्र या गावांतील सुमारे ८ टक्केच मुले वर्गाला आली. ज्यांना वर्गाची सर्वाधिक गरज होती त्यांतील बहुसंख्य मुले घरीच राहिली. म्हणजे आलेल्यांना पाहून समाधान मानावे, तर न आलेल्यांचा प्रश्न तसाच उरतो.

आपण काय करावे

आता माझ्या विनंतीकडे येतो. नव्या वर्गांच्या ठरावास पुढील पुरवणी जोडावी, असे मी सुचवितो.

पहिली गोष्ट : वर्ग सुरू होताना प्रत्येक मुलाला एकट्याला शेजारी बसवून, प्रेमाने, वाचावयास सांगावे. 'प्रथम'च्या पुढाकाराने २००५ पासून निघणाऱ्या 'असर' अहवालात हीच सोपी रीत वापरतात : अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि छोटी गोष्ट. मूल यांपैकी कोठपर्यंत पोहोचते, ते लिहून ठेवावे. एका मुलास काही मिनिटेच लागतात. वर्षअखेरीस तेच पुन्हा करावे. हे काम त्या वर्गाच्या शिक्षकाने न करता दुसऱ्याने करावे. स्वतःच्या दुकानाचा माल स्वतःच तपासून शेरा देण्याची पद्धत आपण व्यापारातही मानत नाही.

दुसरी : वर्गाचा हेतू आधी लिहावा. वाचन सुधारणे, संध्याकाळची सुरक्षित जागा देणे, धीटपणा वाढविणे, यांपैकी जो हेतू असेल तो सांगावा आणि त्याचेच मोजमाप करावे. सुरक्षित जागा देणे हा हेतू असेल तर तो निःसंकोच सांगावा. त्यात कमीपणा नाही.

तिसरी : जागांपेक्षा अर्ज अधिक आले तर शिफारशीने प्रवेश न देता सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्यांचे नाव निघणार नाही त्यांना पुढील वर्षी निश्चित जागा द्यावी आणि त्यांचेही वाचन त्याच वेळी तपासावे. यात कोणावर अन्याय होत नाही आणि आपल्याला शेजारच्या दुकानाचा हिशेबही मिळतो.

चौथी : हजेरीपटावर जी मुले गळाली त्यांची स्वतंत्र यादी ठेवावी आणि आठवड्याच्या आत कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन यावे.

पाचवी : जो स्वयंसेवक वर्षभर येण्याचा शब्द देऊ शकेल त्यालाच मुलांची जबाबदारी द्यावी. इतरांना सामान मांडणे, पुस्तके बांधणे, हिशेब लिहिणे ही कामे आहेतच.

सहावी आणि शेवटची : वर्ग सोडून गेलेल्या मुलांना वर्षभराने पुन्हा भेटावे, आणि जे आढळेल ते, बरे असो वा वाईट, मुलांची नावे न घेता वार्षिक सभेत वाचून दाखवावे.

याला आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पुण्यकर्माचे मोजमाप करू नये, असे काही ज्येष्ठ म्हणतील. त्यांना मी नम्रपणे सांगेन की, आपले पुण्य मोजावयाचे नाही; मुलाचे हित झाले का, एवढेच पाहावयाचे आहे. शिक्षक दुखावतील, असेही कोणी म्हणेल. ही शिक्षकाची परीक्षा नव्हे. पहिली परीक्षा व्यवस्था पाहणाऱ्याची, म्हणजे माझी आहे. आणि काही आढळले नाही तर देणगीदार हात आखडतील, अशी भीतीही आहे. ती खोटी नाही. अमेरिकेतील त्या निधीवर कपातीची पाळी आली होती, हे मी आताच सांगितले. परंतु ज्या देणगीदाराने आपल्यावर विश्वास ठेवला त्याच्यापासून निष्कर्ष लपविणे हा त्या विश्वासाचा मान नव्हे. वर्ग कमी पडला असे दिसले तर तो बंद करण्यापूर्वी बदलून पाहावा, आणि बदलूनही उपयोग होत नसेल तर तो पैसा दुसऱ्या चांगल्या कामी लावावा, एवढे धैर्य पन्नास वर्षांच्या संस्थेत असले पाहिजे.

मुलाच्या जीवनातील सर्वच गोष्टी वहीत उतरत नाहीत, हे मला मान्य आहे. एखाद्या शिक्षकाचा प्रेमळ शब्द कोठे आणि केव्हा उगवेल, हे कोणी सांगू शकत नाही. पण म्हणून जे मोजता येते तेही मोजावयाचे नाही, असे होत नाही.

त्या तरुणाला मी नंतर म्हणालो, "संध्याकाळी दुकानात येत जा, मी वाचायला शिकवतो." तो म्हणाला, "आता कुठे वेळ मिळतो, काका." एकदा आला, दोनदा आला, मग कामाच्या वेळा बदलल्या आणि येणे थांबले. पूर्ण हजेरीचे ते प्रशस्तिपत्र त्याच्या आईने अजून भिंतीवर लावून ठेवले आहे, असे त्याने जाताना सांगितले होते. त्यावर सही माझी आहे.

सभागृहाने ठराव पुरवणीसह संमत करावा, अशी हात जोडून प्रार्थना करतो. पहिल्या वर्षीची वाचन तपासणी करण्यासाठी माझे नाव आजच लिहून घ्यावे.